चर्चगेटचें चर्च



मुंबई शहरांत नोकरीधंद्यानिमित्त रोज ये-जा करणाऱ्या लक्षावधि माणसांच्या तोंडीं ‘चर्चगेट’ हें नांव दिवसांतून दोनदां तरी येतें. सकाळीं तेथें उतरावयाचें, सायंकाळीं तेथूनच परतीची गाडी धरावयाची. नांवाचा अर्थ तर उघड आहे : चर्चचा दरवाजा. परंतु स्टेशनाबाहेर येऊन भोंवतालीं पाहिलें, तर दरवाजा दिसत नाहीं आणि चर्चहि दिसत नाहीं. मग हा दरवाजा कोणता, तें चर्च कोणतें, आणि डोळ्यांसमोर नसलेल्या वस्तूंचें नांव एवढ्या मोठ्या शहराच्या जिभेवर कसें राहिलें, असा प्रश्न जिज्ञासु माणसाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आजच्या भाषणांत या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा विचार आहे.

दरवाजा होता तो मुंबईच्या जुन्या कोटाचा. अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं आपल्या वस्तीभोंवतीं जो तट घातला, त्यास तीन मुख्य दरवाजे होते. दक्षिणेकडील तो अपोलो दरवाजा, उत्तरेकडील तो बझार दरवाजा आणि पश्चिमेकडील तो चर्चचा दरवाजा. या पश्चिमेच्या दरवाजांतून आंत शिरल्यावर रस्ता चर्चकडे जाई, म्हणून त्यास तें नांव पडलें. पुढें १८६२ ते १८६७ या काळांत सर बार्टल फ्रियर हे गव्हर्नर असतांना तट पाडण्यांत आला आणि त्याबरोबर दरवाजेहि गेले. आज जेथें फ्लोरा फाउंटन आहे, तेथेंच चर्चचा दरवाजा होता. १८७० सालीं त्याच्या पश्चिमेस रेल्वेचें स्टेशन झालें, तेव्हां नाहींशा झालेल्या या शेजाऱ्याचें नांव त्यानें घेतलें. दरवाजा गेला, नांव राहिलें.

चर्च मात्र अजून जागच्या जागीं आहे. स्टेशनापासून वीर नरिमन रस्त्यानें पूर्वेकडे निघालें, फ्लोरा फाउंटन मागें टाकलें आणि हॉर्निमन सर्कलच्या बागेजवळ आलें, कीं बँकांच्या व पेढ्यांच्या गर्दींत मनोरा असलेलें एक देवालय दिसतें. हेंच सेंट थॉमस कॅथीड्रल. स्टेशनापासून तें सुमारें एक किलोमीटर दूर आहे. त्याचें दार प्रथम उघडलें तें इ. स. १७१८ च्या नाताळांत. म्हणजे शनिवारवाड्याचा पाया घालण्यापूर्वीं सुमारें अकरा वर्षें.

हें देवालय व्यापाऱ्यांच्या एका कंपनीच्या वसाहतींत, वर्गणी गोळा करून बांधलें गेलें. म्हणून त्याच्याकडे एखाद्या जुन्या पेढीच्या खातेवहीकडे पाहावें तसें पाहिलें असतां पुष्कळ कांहीं कळतें. या वहींत मुंबईच्या तीनशें वर्षांचा जमाखर्च दगडविटांत मांडलेला आहे. मात्र कोणतीहि खातेवही वाचतांना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : काय लिहिलें आहे ती एक, आणि काय लिहावयाचें राहिलें आहे ती दुसरी. या देवालयाच्या बाबतींत ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

आरंभ करूं तो सतराव्या शतकापासून. १६६१ च्या विवाह-करारानें मुंबई पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आली, आणि १६६८ सालीं राजानें ती वर्षाला दहा पौंड नाममात्र खंडावर ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. पुढच्या वर्षीं जेराल्ड आँजिअर हा गव्हर्नर झाला. त्याचें मुख्य ठाणें सुरतेस असे, परंतु मुंबई हें पुढें मोठें शहर होईल हें ज्या थोड्यांनीं ओळखलें त्यांत तो होता. न्यायालय, टांकसाळ, निरनिराळ्या जातींच्या व्यापाऱ्यांस स्वधर्माप्रमाणें राहण्याची मोकळीक, या त्याच्या योजनांबरोबरच इंग्रजांसाठीं एक देवालय बांधण्याची योजना त्यानें हातीं घेतली. १६७५ सालीं त्यानें येथील ख्रिस्ती समाजास दिलेला चांदीचा प्याला देवालयाच्या संग्रहांत पुढें जपून ठेवला गेला. देवालय होण्यापूर्वीं त्रेचाळीस वर्षें पूजेचें पात्र तयार होतें, असा हा प्रकार झाला.

१६७७ सालीं आँजिअर सुरतेस मरण पावला आणि काम थांबलें. सुमारें पंधरा फूट उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्या तशाच, डोक्यावर छप्पर नाहीं अशा स्थितींत, जवळजवळ चाळीस वर्षें पावसांत भिजत राहिल्या. याचें कारण काय? अलेक्झांडर हॅमिल्टन नांवाच्या एका स्कॉटिश दर्यावर्दीनें आपल्या प्रवासवर्णनांत असा आरोप केला आहे, कीं देवालयासाठीं जमलेली पांच हजार पौंडांची रक्कम सर जॉन चाइल्ड या अधिकाऱ्यानें गिळून टाकली. हॅमिल्टनचें चाइल्डशीं वैर होतें हें लक्षांत ठेवून त्याचें म्हणणें जपून घ्यावें लागतें. परंतु त्याशिवायहि कारणें होतीं. मुंबईची हवा तेव्हां युरोपीय माणसास मानवत नसे. दोन पावसाळे हेंच तेथें माणसाचें आयुष्य अशी म्हण पडली होती. १६८९ सालीं जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतानें बेटावर उतरून इंग्रजांस किल्ल्यांत कोंडलें होतें. जेथें उद्यांचा भरंवसा नाहीं, तेथें माणूस देवालयाची घडण कशी करणार? तोंपर्यंत किल्ल्यांतील दोन खोल्यांत प्रार्थना होत असे, आणि तेवढ्यावर भागत असे.

१७१४ सालीं रिचर्ड कोब नांवाचा पाद्री मुंबईस आला. तो तरुण होता, उत्साही होता, आणि कोणाची भीड ठेवणारा नव्हता. एका रविवारीं त्यानें प्रवचनाचा विषयच हा केला, कीं दुसऱ्या धर्मांचे लोक आपापलीं देवळें बांधतात आणि इंग्रज मात्र अर्धवट भिंतींकडे पाहत बसतात. समोर गव्हर्नर विल्यम एझलबी बसले होते. प्रवचन संपल्यावर त्यांनीं पाद्र्यास थोडें थट्टेनें टोकलें, पण शेवटीं वर्गणीची वही करावयास सांगितली आणि पहिला आंकडा स्वतःचा घातला. कंपनीचे नोकर, जहाजांचे कप्तान, व्यापारी यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें रकमा दिल्या. १७१५ सालीं काम नव्यानें सुरू झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स बून हा गव्हर्नर होऊन आला. शहराभोंवतीं तट उभा करणें, लढाऊ गलबतें बांधणें आणि चर्च पुरें करणें, हीं तिन्ही कामें त्याच्या कारकीर्दींत बरोबरच चाललीं होतीं. तटाच्या आंत देऊळ आणि बाहेर आरमार, अशी ही मांडणी होती. आणि त्या आरमाराचें लक्ष्य होतें कान्होजी आंग्रे.

१७१८ च्या अखेरीस बूननें खांदेरी बेटावर स्वारी केली. कान्होजीच्या लोकांनीं ती परतवून लावली. या अपयशाची बोच ताजी असतांनाच, २५ डिसेंबर रोजीं, नव्या देवालयाचा उद्घाटनसमारंभ झाला. कोबनें पुढें म्हातारपणीं, १७६६ सालीं, या चर्चविषयीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत या दिवसाची हकीकत आली आहे. गव्हर्नर आपल्या कौन्सिलासह किल्ल्यापासून मिरवत आले. देवालय माडाच्या झांवळ्यांनीं आणि केळीच्या खुंटांनीं सजविलें होतें, खांबांना हिरव्या पाल्याच्या माळा गुंडाळल्या होत्या. केळीचे खुंट आणि पानांच्या माळा! आपल्याकडे लग्नाच्या मांडवाची जी शोभा, तीच इंग्रजांच्या पहिल्या देवालयास लाभली. सजावट करणारे हात येथल्याच माणसांचे असावेत हें सांगावयास नको. त्या दिवशीं एका बालकाचा बाप्तिस्माहि झाला, आणि स्वतः गव्हर्नर त्याचे धर्मपिता झाले.

याच हकीकतींत कोबनें ओघांत एक उल्लेख केला आहे. देवालयाभोंवतीं येथील लोकांचा मोठा जमाव उभा होता. त्यांत रामाजी व त्याचे सर्व जातभाई होते. उपासनेची शिस्त व गांभीर्य पाहून ते इतके संतुष्ट झाले, कीं शेवटपर्यंत उभेच राहिले, असें तो म्हणतो. हा रामाजी म्हणजेच रामा कामती. मुंबईच्या इतिहासांतील ही एक मोठी आणि दुःखद व्यक्तिरेखा आहे.

रामा कामती हा शेणवी ज्ञातींतील धनाढ्य गृहस्थ होता. कंपनीच्या शिपायांवर त्याची हुकमत होती, व्यापारांत त्याचा हात होता, आणि इंग्रजांचा तो विश्वासू मित्र समजला जाई. वाळकेश्वरचें जें देऊळ पोर्तुगीजांच्या अमदानींत नष्ट झालें होतें, तें त्यानें १७१५ च्या सुमारास पुन्हां बांधविलें. म्हणजे ज्या वर्षीं कोटांत इंग्रजांच्या चर्चचें काम सुरू झालें, त्याच सुमारास मलबार टेंकडीच्या टोंकाला महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार होत होता. एकाच बेटावर दोन देवालयें बरोबरीनें उभीं राहत होतीं आणि त्यांतील एकाचा कर्ता दुसऱ्याच्या उद्घाटनास आदरानें उपस्थित राहिला होता. आँजिअरनें ज्या मुंबईचें स्वप्न पाहिलें, ती ह्याहून वेगळी कोणती?

परंतु हें चित्र दीड वर्षहि टिकलें नाहीं. खांदेरीच्या अपयशाचें खापर कोणाच्या तरी माथीं फोडावयाचें होतें. रामा कामतीनें कान्होजी आंग्र्यास गुप्त पत्रें लिहून इंग्रजांचे बेत कळविले, असा आरोप त्याच्यावर आला, आणि १७२० सालीं त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालविण्यांत आला. पुरावा म्हणून त्याच्या नांवाचीं पत्रें पुढें करण्यांत आलीं. ऐकीव गोष्टी साक्ष म्हणून घेतल्या गेल्या. त्याच्या एका कारकुनाचे अंगठे लोखंडी पेचांत आवळून त्याच्याकडून कबुली काढण्यांत आली. रामा कामतीस कैद झाली, त्याची सर्व मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ सालीं तो कैदेंतच मरण पावला. तीं पत्रें बनावट होतीं, हें पुढें उघडकीस आलें. पण तोंपर्यंत न्याय मिळावा असा माणूस उरला नव्हता. त्याची हकीकत इंग्रज इतिहासकारांनींच पुढें लिहून ठेवली, आणि ती लिहितांना आपल्या लोकांचा बचाव त्यांनीं केला नाहीं, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें द्योतक आहे.

आतां इमारतीकडे वळूं. आपल्या देवळाची रचना मनांत धरली म्हणजे चर्चची रचना समजण्यास सोपी जाते. आपल्याकडे गाभारा व सभामंडप असे दोन मुख्य भाग असतात. चर्चमध्यें गाभाऱ्याच्या जागीं वेदीचा भाग असतो व तो बहुधा पूर्वेकडे असतो. सभामंडपाच्या जागीं लांबट दालन असतें. पण हेतूंत मोठा फरक आहे. आपल्या देवळांत भक्त एकएकटा येतो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि जातो. म्हणून गाभारा लहान व काळोखी असला तरी चालतें, किंबहुना तसा असण्यांतच त्याचें गांभीर्य आहे. चर्चमध्यें सर्व समाज एका वेळीं बसतो, वाचन व प्रवचन ऐकतो, एकत्र गातो. त्यामुळें तेथें मोठें दालन, भरपूर उजेड आणि शेवटच्या बांकापर्यंत आवाज पोंचेल अशी बांधणी लागते. मधलें दालन उंच आणि रुंद, त्याच्या दोन्ही अंगांस खांबांची व कमानींची रांग, आणि त्यांपलीकडे अरुंद ओवऱ्या, ही प्राचीन रोमन सभागृहांवरून घेतलेली पद्धति आहे. सेंट थॉमसचें मूळ दालन याच पद्धतीचें आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभींच्या या बांधकामांत डामडौल फारसा नाहीं. भिंती जाड, खांब भक्कम, कमानी साध्या. ज्या वसाहतीनें वेढा अनुभवला होता, त्या वसाहतीची ही वास्तु आहे. तेव्हांच्या कोटाच्या मानानें मात्र तें मोठें काम होतें. चार-पांचशें इंग्रजांच्या गरजेपुरतें नव्हे, तर पुढें वाढणाऱ्या शहराच्या मापानें तें आंखलें होतें, आणि आँजिअरची दूरदृष्टि त्यांत दिसते.

पुढील शंभर वर्षांत मुंबईचे इंग्रज व्यापाऱ्यांचे राज्यकर्ते झाले, आणि देवालयाच्या रूपांतहि पालट झाला. १८१६ सालीं कलकत्त्याचे बिशप मिडलटन यांनीं त्यास विधिपूर्वक सेंट थॉमसचें नांव दिलें. येशूच्या बारा शिष्यांपैकीं थॉमस, ज्यास मराठी बायबलांत थोमा म्हटलें आहे, तो हिंदुस्थानांत आला होता अशी परंपरा आहे. एका प्राचीन ग्रंथांत तर अशी कथा आहे, कीं गोंडोफेरस राजानें त्यास राजवाडा बांधण्यासाठीं द्रव्य दिलें, आणि त्यानें तें सर्व गोरगरिबांत वांटून टाकलें. राजानें जाब विचारला तेव्हां वाडा स्वर्गांत बांधला आहे, असें उत्तर दिलें. म्हणून पाश्चात्त्य देशांत थॉमस हा गवंड्यांचा व शिल्पशास्त्रज्ञांचा संत मानला जातो, आणि चित्रांत त्याच्या हातीं पुष्कळदां गुण्या दाखवितात. या गोंडोफेरसाच्या नांवाचीं नाणीं वायव्य हिंदुस्थानांत सांपडलीं आहेत, एवढी गोष्ट मात्र इतिहासाची आहे.

१८३७ सालीं मुंबईस स्वतंत्र बिशप मिळाला. थॉमस कार हे पहिले बिशप. ज्या चर्चमध्यें बिशपचें आसन असतें त्यास कॅथीड्रल म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आसन असा आहे. अर्थात् आकारानें मोठें तें कॅथीड्रल, ही समजूत चुकीची आहे. पीठाधिपतीचें पीठ जेथें, तें कॅथीड्रल. पुढच्याच वर्षीं, १८३८ सालीं, पश्चिमेच्या बाजूस आजचा मनोरा व त्यावरील घड्याळ बसविण्यांत आलें.

या सुमारास हें चर्च आणखी एका अर्थानें शहराचें केंद्र झालें. मुंबईंतील रस्त्यांचे मैल याच्यापासून मोजीत. त्यासाठीं बसविलेल्या काळ्या दगडांवर ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ असा मजकूर कोरलेला असे. यांपैकीं कांहीं दगड रस्त्यांची उंची वाढतां वाढतां पदपथांत गडप झाले होते. अलीकडच्या काळांत ते शोधून पुन्हां वर काढण्यांत आले आहेत. त्यांवर चर्च असा शब्द आहे, कॅथीड्रल असा नाहीं. १८१६ पूर्वीं सेंट थॉमस हें नांव नव्हतें, आणि १८३७ नंतर तें नुसतें चर्च राहिलें नाहीं. तेव्हां हे दगड या एकवीस वर्षांच्या अवधींत केव्हां तरी बसविले असावेत, असें अनुमान सहज निघतें. एका शब्दावरून दगडाचें वय कळतें, तें असें.

तिसरा पालट झाला तो १८६० नंतरच्या दशकांत. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. कोट पडला, समोरच्या उघड्या मैदानावर वर्तुळाकार चौक आंखला गेला. तोच आजचा हॉर्निमन सर्कल. चर्चचाहि कायापालट करावयाचें ठरलें. जेम्स ट्रबशॉ या वास्तुशास्त्रज्ञानें सबंध इमारतीस गॉथिक रूप देण्याचा आराखडा केला. परंतु १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि आराखड्याचा थोडाच भाग प्रत्यक्षांत आला. पूर्वेकडील वेदीचा भाग नव्या पद्धतीनें वाढविला गेला. मधलें दालन जुनेंच राहिलें.

गॉथिक पद्धतीचें मर्म टोंकदार कमानींत आहे. अर्धवर्तुळाकार कमान आपलें ओझें बाजूंना ढकलते, म्हणून तिला जाड भिंतीचा आधार लागतो. टोंकदार कमान तेंच ओझें अधिक सरळ खालीं उतरविते. त्यामुळें भिंत हलकी करतां येते, खिडक्या उंच करतां येतात आणि त्यांत रंगीत कांचांचीं चित्रें बसवितां येतात. सेंट थॉमसमध्यें पश्चिमेच्या दारानें आंत गेल्यावर प्रथम अठराव्या शतकाचा साधेपणा भेटतो आणि समोर पूर्वेस एकोणिसाव्या शतकाची रंगीत उंची दिसते. शेअरबाजार आणखी दोन वर्षें तेजींत राहता, तर हें जुनें दालन आज पाहावयास मिळालें नसतें. मुंबईच्या दिवाळखोरीनें मुंबईची एक प्राचीन वस्तु वांचविली, असेंच म्हणावें लागतें.

दारासमोरील कारंजें याच काळचें आहे. त्याचा नकाशा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या प्रख्यात इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाचा. त्याचा खर्च दिला सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूरानें. मुंबई विद्यापीठाचा पदवीदान-मंडपहि याच दोघांच्या कल्पनेचा व द्रव्याचा आहे. ख्रिस्ती देवालयाच्या दारीं अग्निपूजकानें दिलेलें पाणी, हा योग मुंबईंतच जुळून येतो.

आंतील भिंतींवर स्मारकें आहेत, आणि मराठी माणसानें तीं सावकाश वाचण्यासारखीं आहेत. जोनाथन डंकन हे १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकीर्दींत दुसरा बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयास आला आणि १८०२ चा तह झाला. त्यांच्या स्मारकावर मात्र तहाचें चित्र नाहीं. हिंदु बालकें त्यांस दुवा देत आहेत असा देखावा कोरला आहे. काशीकडील व काठेवाडांतील बालहत्येची चाल बंद करण्यासाठीं त्यांनीं खटपट केली, तिची ही स्मृति आहे. काशीच्या संस्कृत पाठशाळेचे संस्थापकहि तेच. दुसरें स्मारक आहे कर्नल बर यांचें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत इंग्रज फौजेचें नेतृत्व त्यांनीं केलें. पेशवाईचा अस्त ज्या दिवशीं निश्चित झाला, त्या दिवसाच्या सेनापतीचें नांव या भिंतीवर आहे. टिपूच्या वेढ्याला तोंड देऊन मंगळूर लढविणारे कर्नल कॅम्बेल येथें आहेत. १८०८ सालीं फ्रेंच लढाऊ जहाजाशीं झुंजतांना पडलेले कप्तान हार्डिंज येथें आहेत. ज्यांच्या जहाजावर १८१५ सालीं नेपोलियननें स्वतःस स्वाधीन केलें, ते ॲडमिरल मेटलंडहि येथें आहेत. ते १८३९ सालीं मुंबईनजीक समुद्रांत ज्या ‘वेलस्ली’ नांवाच्या जहाजावर वारले, तें मुंबईच्याच गोदींत बांधलेलें होतें. १९११ सालीं पांचवे जॉर्ज बादशहा व मेरी राणी ज्या खुर्च्यांवर प्रार्थनेस बसलीं, त्या खुर्च्याहि येथें जपून ठेवलेल्या आहेत.

राज्य गेलें, देवालय राहिलें. १९७० पासून तें उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चकडे आहे, आणि मुंबईच्या बिशपचें आसन आजहि तेथेंच आहे. कोबनें या चर्चशेजारीं गरीब मुलांसाठीं जी शाळा सुरू केली, तिची परंपरा भायखळ्याच्या व देवळालीच्या शाळांनीं पुढें चालविली. २००३-०४ सालीं इमारतीची शास्त्रशुद्ध दुरुस्ती झाली आणि युनेस्कोनें २००४ सालीं त्या कामाचा गौरव केला. जुन्या इमारतीचें जतन म्हणजे तिला नवी करणें नव्हे. तिच्यावर मागाहून चढलेलें अनुचित काढून टाकून तिचें मूळचें रूप टिकविणें, हा धडा शहरांतील इतर वास्तूंच्या मालकांनींहि घेण्यासारखा आहे.

आतां आरंभीं सांगितलेल्या खातेवहीकडे पुन्हां येऊं. भिंतींवर ज्यांचीं नांवें आहेत, ते सर्व लढले, त्यांनीं राज्य केलें, आणि त्यांच्या आप्तांनीं व सरकारनें त्यांस संगमरवरांत अमर केलें. त्यांत लज्जास्पद कांहीं नाहीं; प्रत्येक समाज आपल्या माणसांची आठवण ठेवतोच. परंतु उद्घाटनाच्या दिवशीं बाहेर उभा राहून दुसऱ्याच्या धर्माचा मान राखणारा रामा कामती मात्र कोबच्या पुस्तकांतील एका ओझरत्या उल्लेखांत राहिला. त्याच्या त्या उभें राहण्यांत जो मोठेपणा होता, त्याची परतफेड कैदेनें झाली. इंग्रजांचें पहिलें देवालय आणि इंग्रजांच्या न्यायावरील पहिल्या मोठ्या डागांपैकीं एक, हीं दोन्ही एकाच गव्हर्नराच्या कारकीर्दींतलीं आहेत, आणि दोहोंची आठवण एकत्र ठेवल्याशिवाय या शहराचा इतिहास पुरा होत नाहीं.

म्हणून चर्चगेट हें नांव पुढें ऐकाल, तेव्हां त्यांतील चर्च एकदां अवश्य पाहून या. दार उघडें असतें, आंत शांतता असते, आणि तेथें बसावयास कोणी धर्म विचारीत नाहीं. मग एखाद्या सायंकाळीं वाळकेश्वरास जाऊन बाणगंगेच्या कांठचें तें महादेवाचें देऊळहि पाहा. कोटांतील देवालय आँजिअरनें कल्पिलें, कोबनें पुरें केलें; टेंकडीवरील देवालय रामा कामतीनें उठविलें. दोन्ही ठिकाणीं जाऊन आलेल्या माणसास अठराव्या शतकाची मुंबई कशी होती, आणि ती कशी होऊं शकली असती, हें एखाद्या जाड ग्रंथापेक्षां अधिक स्पष्ट कळेल.